रांगेतला नवरा

सहदेव राणेची कंबर धरली ती पाट्यामुळे, असं त्याने डॉक्टरला सांगितलं, मुलीला फोनवर सांगितलं आणि विचारपूस करायला आलेल्या सगळ्या गल्लीला सांगितलं. पाट्याची चूक एवढीच की तो जड होता. खरं कारण वेगळं होतं, आणि सहासष्टाव्या वर्षी चारचौघांत सांगावं असं ते नव्हतं.

चारकोपच्या सेक्टर पाचमधल्या बैठ्या घरांच्या गल्लीत राण्यांचं घर कुणीही दाखवील, पण सहदेवचं घर म्हणून नाही. "पायाळू वहिनींकडे ना? तो निळा दरवाजा," असं सांगतील. सहदेवची बायको नलिनी पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी आधी पाय बाहेर काढून आलेली. अशा माणसाचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण उतरते, हे कोकणात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. चारकोपात ते गुजराती काकूंपासून जौनपूरच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. रोज सकाळी सातच्या सुमाराला निळ्या दरवाजासमोर दोन-चार वाकडी माणसं उभी असायचीच.

पद्धत नलिनीच्या आजीने घालून दिलेली. लागोपाठ तीन दिवस यायचं, तेही अनशापोटी. उंबऱ्याबाहेर रस्त्याकडे तोंड करून, ओट्याच्या कठड्याचा गज धरून उभं राहायचं, मागे वळून बघायचं नाही. नलिनी मागून विचारायची, "कशाने भरली?" त्यावर खरं तेच सांगायचं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, नाहीतर पाय लागू पडत नाही. एका बँकेच्या मॅनेजरला बायकोपासून लपवलेला श्रीखंडाचा डबा माळ्यावरून काढताना उसण भरली होती. बायको शेजारीच उभी होती, तरी त्याला ते सांगावं लागलं. सांगून झालं की नलिनी डावा पाय उचलायची आणि टाच दुखऱ्या जागेवर तीनदा टेकवायची. शेवटी, माणसाला पाय लागला म्हणून, त्याच्या खांद्याला बोटं लावून ती डोळ्यांना लावायची. पैसे घ्यायचे नाहीत आणि आभार ऐकायचे नाहीत, हा शेवटचा नियम.

चारकोपात राहायला आल्यापासून हा कारभार चालला होता. एवढ्या वर्षांत सेक्टरातल्या बहुतेक कंबरांना नलिनीचा पाय लागून गेला. एक कंबर तेवढी राहिली होती, आणि ती त्याच निळ्या दरवाजाच्या आत पेपर वाचत बसलेली असायची.

सहदेव जळायचा. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. पेपर डोळ्यांसमोर धरायचा आणि कान दाराशी ठेवायचा. "घाबरू नका. श्वास घ्या. आता सोडा," असं नलिनी बाहेरच्यांशी बोलायची, आणि त्या आवाजात काहीतरी असं होतं की ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप खाली यायचे. सहदेवच्या वाट्याला येणारा आवाज निराळा होता. "ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून कितीदा सांगायचं?" हा तो आवाज.

त्यातही एका माणसाला सहदेव अगदी पाण्यात पाहायचा. चंद्रप्रकाश पेडणेकर समोरच्या ओळीत राहायचा. पस्तीस वर्षं बेस्टची बस चालवून त्याच्या कंबरेचा खुळखुळा झाला होता, हे सहदेवलाही मान्य होतं. पण तो खुळखुळा नेमका दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीच कसा वाजतो? शिवाय हा माणूस विधुर. मिशी काळी करतो. आणि उसण उतरवायला येताना इस्त्रीचा शर्ट घालतो. लाथ खायला इस्त्रीचा शर्ट कोण घालतं? पैसे घ्यायचे नाहीत म्हणून तो दारातल्या झाडाचा सोनचाफा घेऊन यायचा. नलिनीच्या आजीने पैशाचं सांगून ठेवलं होतं, पण चाफ्याबद्दल ती म्हातारी काही बोलली नव्हती. नलिनी ते फूल पाण्याच्या वाटीत घालून ठेवायची आणि सहदेवला दिवसभर शिंका यायच्या.

संध्याकाळी हेच दोघे सोसायटीच्या ऑफिसात समोरासमोर बसून कॅरम खेळायचे. मैत्री होती. मैत्री नसती तर एवढं जळता आलं नसतं.

त्या सोमवारी गल्लीत टाकीवाली आली. आताशा छिन्नीने टोचून पाट्याला टाकी लावून घेतो कोण, घरोघर मिक्सर. पण नलिनीला मच्छीच्या आमटीचं वाटप पाट्यावरच लागायचं आणि पाटा झिजून गुळगुळीत झाला होता. "थांब गं बाई, काढते बाहेर," असं तिने टाकीवालीला सांगितलं. तेव्हा चंद्रप्रकाशला नुकताच तिसरा पाय लागला होता. तो गज सोडून सरळ झाला, शर्ट नीट केला आणि म्हणाला, "सरका वहिनी, मी उचलतो. बघू तरी, तुमचा पाय किती लागू पडलाय."

सहदेवला मिरच्या झोंबल्या. पेपर टाकून तो उठला.

"ठेव रे. माझ्या घरातला पाटा आहे."

"अरे, दोघं मिळून धरू ना."

"काही नको."

गुडघे न वाकवता तो कंबरेतून खाली गेला, पाट्याखाली बोटं घातली आणि हिसका देऊन उचलता उचलताच दाराकडे वळला. कंबरेच्या डाव्या बाजूला कुणीतरी ओला पंचा पिळावा तसं झालं. पाटा होता तिथेच राहिला. सहदेव अर्धा वाकलेला, एक हात भिंतीला, तोंड उघडं. तीस वर्षं चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वायरच्या कारखान्यात काढून मुंबईचं मराठी बोलणारा हा माणूस, पण तोंडातून निघालं ते थेट मालवणी. "आये गे, मेलंय गो."

ज्या माणसाचा हात पाट्याला लागू नये म्हणून एवढी धडपड केली, त्याच माणसाने सहदेवला काखेत धरून आत नेलं आणि चटईवर निजवलं. पाटाही मग त्यानेच बाहेर नेला, गुडघ्यांत बसून, बसड्रायव्हरच्या शिस्तीत.

"वहिनी, घरचीच कंबर आहे. लावा पाय," चंद्रप्रकाश म्हणाला.

रांगेतली दोन माणसंही दारातून डोकावत होती. सहदेवने डोळे मिटून वाट पाहिली. खोटं कशाला बोला, त्या दुखण्यातही त्याला थोडं बरं वाटलं होतं. चला, निमित्त तरी मिळालं.

"नवऱ्याला पाय लावायचा नसतो," नलिनी म्हणाली आणि पाणी तापवायला आत गेली.

पुढच्या गल्लीतल्या डॉक्टर मधुवंती घरी येऊन गेल्या. घरात पायाळू असून डॉक्टर बोलावला म्हणून शेजारीण दारातूनच बोलली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." डॉक्टरांनी सहदेवचे पाय उचलून पाहिले, अंगठे दाबून पाहिले, मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, असं सगळं विचारलं.

"हाडाचं काही नाही. स्नायू आखडलाय. उताणे झोपा आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, म्हणजे कंबरेवरचा ताण कमी होईल. शेक घ्या, पण चटका बसेल इतका नको. आणि पडून राहायचं नाही. दर तासाला उठून घरातल्या घरात चालायचं. उठताना आधी कुशीवर व्हा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा द्या. घाबरून अंग धरून ठेवलंत की तो स्नायू अजून आवळतो. राग धरलात तरी तेच."

"राग कसला?" सहदेव म्हणाला.

"मी आपलं सगळ्यांनाच सांगते," डॉक्टर म्हणाल्या.

सेवेत नलिनीने काही कमी केलं नाही. पोटऱ्यांखाली खुर्ची, खुर्चीवर उशी, दर दोन तासांनी गरम पाण्याची पिशवी आणि ती टॉवेलात गुंडाळलेली. खोबरेल कोमट करून तिने अंगठ्यांनी कंबर चोळली. त्याला धरून मोरीपर्यंत नेलं आणि आणलं. कळ आली की तो श्वास रोखायचा आणि ती म्हणायची, "सोडा. सोडा म्हटलं ना." बाहेरच्यांना मिळायचा तो आवाज अजून नव्हता, पण टॉवेलवाला आवाजही नव्हता. दुसऱ्या कुणाला एवढ्यावर समाधान वाटलं असतं. सहदेवच्या मनात मात्र एकच. हात सगळ्या नवऱ्यांना मिळतात. पाय त्या पेडणेकराला मिळतो.

मंगळवारी सकाळी तो आत उताणा पडला होता, पाय खुर्चीवर. बाहेर चंद्रप्रकाशचा दुसरा दिवस. एक पाय लागला, दुसरा, तिसरा. मग क्षणभर शांतता, म्हणजे ती आता त्याच्या खांद्याला बोटं लावून डोळ्यांना लावत असणार. सहदेवने अंग आखडून घेतलं आणि कंबरेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर बाई बरोबर बोलली होती.

दुपारी नलिनी शेक द्यायला बसली तेव्हा त्याने सगळी लाज गिळली.

"लाव ना गो एकदा पाय."

तिने पिशवी नीट केली. "लाथा गाढवं मारतात," ती शांतपणे म्हणाली.

वाक्य ओळखीचं होतं. कुणाचं ते आठवायला सहदेवला वेळ लागला. आठवलं तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं.

लग्नाचं पहिलं वर्ष. तेव्हा ती दोघं लालबागला, थोरल्या भावाच्या खोलीत. गिरणी बंद पडलेली, सहदेव गोदीत मिळेल ती हमाली करायचा, आणि एकदा गोणी उचलताना अशीच उसण भरली. मजल्यावरच्या बायका म्हणाल्या, नवी नवरी पायाळू आहे, चिंता कसली. सगळा मजला गॅलरीत जमला. एकवीस वर्षांची नलिनी, नवं लुगडं, लाजून लाल झालेली. तरी खूशही होती, कारण त्या घरात येऊन तिला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी करायला बोलावलं होतं. तिने पाय उचलला. आणि मागे उभ्या असलेल्या मित्रांपैकी कुणीतरी खिदळलं. सहदेवला वाटलं, आपली इज्जत गेली. तो गर्रकन वळून म्हणाला, "लाथा गाढवं मारतात. मी बाईल आणलीय." अख्खी गॅलरी हसली. नलिनीने उचललेला पाय खाली ठेवला.

संपलं. तिने भांडण केलं नाही, रडून दाखवलं नाही. सहदेव ते त्याच आठवड्यात विसरला, कारण बोलणारा विसरतोच. पुढे चारकोपला आल्यावर शेजारची एक बाई कण्हत दारात आली, तिला नलिनीने पाय लावला, मग दुसरी आली, मग तिसरा. कधीतरी नवऱ्याचीही कंबर धरली, तेव्हा तिने बाम चोळला. नवऱ्याला पाय लावायचा नसतो, असं तीच म्हणायची आणि तेही खरंच होतं, जुनी माणसं म्हणतात तसं. त्या खऱ्याच्या पाठीमागे दुसरं खरं एकोणचाळीस वर्षं उभं होतं, ते सहदेवला आता दिसलं. माफी मागावी तर आत, या खोलीत मागून भागणार नाही, हेही त्याला कळलं. बोललो होतो चार माणसांत, गॅलरीत.

बुधवारी सात वाजता बाहेर माणसांची कुजबुज सुरू झाली. नलिनी पदर खोचून दाराशी गेली. सहदेव कुशीवर झाला, पाय खाली सोडले, हाताने रेटा दिला आणि उभा राहिला. पुढच्या दाराने जाणं बरोबर नव्हतं. त्या दारातून तो घरधनी म्हणून बाहेर पडला असता. तो मोरीच्या दाराने मागच्या बोळात उतरला. तिथून ओळीच्या टोकापर्यंत, मग पाण्याच्या टाकीला वळसा, मग पुढची गल्ली. एरवी दोन मिनिटांची वाट. त्याला बारा लागली. भिंत धरून दहा पावलं, थांबायचं, श्वास सोडायचा, पुन्हा दहा. इस्त्रीवाल्याने विचारलं, "काका, कुठे निघालात?" सहदेव म्हणाला, "उसण उतरवायला." इस्त्रीवाला बघतच राहिला.

रांगेत दोघं होती. पुढे शाळेतली एक शिक्षिका, तिच्यामागे चंद्रप्रकाश, हातात चाफा.

"सहदेवा? तू इथे काय करतोस?"

"रांग आहे ना? मी तुझ्यामागे."

"अरे वेडा झालास काय, पुढे जा. मला काय घाई आहे?"

"नको. नंबराने."

शिक्षिकेचं झालं. ती जरा वेळ टेकायला ओट्यावर बसली. चंद्रप्रकाशचा तिसरा दिवस होता. त्याने नेहमीसारखं सांगितलं, "बस चालवून," आणि तीन पाय, मग खांद्याला बोटं, मग डोळ्यांना. हे सगळं सहदेवने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोर उभं राहून पाहिलं. कान लावून ऐकलं होतं तेव्हा त्याने मनात भलतंच काय काय रंगवलं होतं. प्रत्यक्षात साठ वर्षांची एक बाई चौकटीला धरून एका पायावर तोल सावरत होती आणि तिची नजर त्या माणसाच्या पाठीपलीकडे कुठे जात नव्हती. तरी तो जळलाच. आधीपेक्षा जास्त जळला.

चंद्रप्रकाश बाजूला झाला. सहदेव पुढे सरकला, रस्त्याकडे तोंड केलं आणि गज धरला.

मागे चौकटीत नलिनी होती. तिने पाठ ओळखली होती. रोज सकाळी वाळत घातलेल्या बनियनांवरून ती पाठ तिला पाठच होती. सहदेवला वाटलं, आता दार लागणार.

"कशाने भरली?" नलिनीने विचारलं.

"पाटा उचलला."

"पाटा मी रोज सरकवते. कशाने भरली?"

समोरून शाळेची बस गेली. ओट्यावरची शिक्षिका उठायला लागली होती, ती परत बसली.

"ह्याने उचलू नये म्हणून उचलला," सहदेव म्हणाला.

"का?"

"जळलो म्हणून."

चंद्रप्रकाशने हातातला चाफा पाठीमागे नेला.

"ह्याच्यावर?"

"ह्याच्यावर. त्या मॅनेजरवर. रिक्षावाल्यावर. ज्याला ज्याला तुझा पाय लागला त्या सगळ्यांवर. पेपर उलटा धरला असता तरी मला कळलं नसतं, इतका जळलो." बोलता बोलता तो आणखी वाकला. कंबर दुखत होती की आणखी काही, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"मग मागायचात."

"मागितला ना काल, पण कुठल्या तोंडाने? लालबागला चार माणसांत तुला गाढव म्हटलं. तू पाय उचलला होतास आणि मी तो खाली ठेवायला लावला." त्याने गज घट्ट धरला. "ही पण चार माणसंच आहेत. त्यांच्यासमोर सांगतो. त्या दिवशी गॅलरीत गाढव एकच होतं, आणि ते तू नव्हतीस."

मागे तिच्या बांगड्या चौकटीला लागल्या. मग ती म्हणाली, "श्वास घ्या."

तो आवाज. पेपरामागून ऐकलेला, दुसऱ्यांचा. सहदेवने श्वास घेतला.

"घाबरू नका. आता सोडा."

टाच लागली. कोमट, खरखरीत, भेगांची. त्या भेगांना हिवाळ्यात ती मेण लावायची तेव्हा तो कुरकुरायचा की चादरीला डाग पडतात. पहिला पाय अगदी हलका लागला, जणू एकवीस वर्षांच्या मुलीने लाजत उचललेला. दुसरा जरा दाबून. तिसऱ्याला तिने वेळ घेतला. आणि तिसरा लागला नाही, बसला. चांगला सणसणीत, थोड्या खाली, जिथे उसण नव्हती तिथे. सहदेव गजावर आदळला आणि शिक्षिकेने तोंडाला पदर लावला.

कळ मस्तकात गेली, पण तो हलला नाही. आता खांद्याला बोटं लागतील म्हणून थांबला. बोटं लागली नाहीत.

"नमस्कार नाही केलास?" त्याने मान न वळवता विचारलं. "सगळ्यांना करतेस."

"पाय लागला तर नमस्कार करतात," नलिनी म्हणाली. "हा मी मारलाय."

चंद्रप्रकाश हसला, शिक्षिका हसली, आणि सहदेवला हसताना कंबर धरावी लागली. मागे वळून बघायला बंदी होती तरी त्याने बघितलं. नलिनी पदराने डोळे पुसत होती आणि ते लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

"उतरली?" तिने विचारलं.

"नाही."

"एका दिवसात नाहीच उतरत. तीन दिवस यावं लागतं." ती दारातून बाजूला झाली, त्याला आत यायला वाट दिली आणि चहाचं आधण ठेवायला वळली. वळतानाच म्हणाली, "उद्या उशीर करू नका. आणि रांगेतूनच या."

गुरुवारी पावणेसातला निळ्या दरवाजासमोर एकच माणूस उभा होता, गजाला धरून, जरासा वाकडा. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.